साध्या वाडग्यातला चहा

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एखादा प्रवासलेख असावा, असा आपल्या मंडळाचा रिवाजच पडून गेला आहे. मी २०१९ च्या जून महिन्यात भाचीच्या सोबतीने जपानला जाऊन आले, तेव्हा या खेपेस ती पाळी माझ्यावर आली. परंतु देवळे, बगीचे आणि वेगवान गाड्या यांची वर्णने आपण पुष्कळ वाचली आहेत. शिवाय माझे सारे आयुष्य शाळेत इतिहास शिकविण्यात गेलेले. म्हणून आज मी फक्त एका वाडगाभर चहाविषयी आणि त्याबरोबर मिळणाऱ्या गोड पदार्थाविषयी लिहिणार आहे. चहाच्या वाडग्यात इतिहास तो किती मावणार, असे कोणी म्हणेल. पण तो मावतो, आणि त्यात आपण बायकांनी ध्यानात ठेवावे असे बरेच काही आहे.

जपानचा चहाविधी म्हणजे श्रीमंतांचा खेळ, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती अगदीच खोटी नाही. परक्या प्रवाशाला रेशमी किमोनो नेसवून, छायाचित्रे काढून, हजारो येन घेऊन चहा पाजणारी स्थळे तेथे गल्लोगल्ली आहेत. आमची पुंजी बेताची. मी निवृत्तिवेतनातून पैसे साठविलेले, आणि भाची नुकती कोठे नोकरीला लागलेली. पावसाळ्यात विमानाचे भाडे उतरते म्हणून आम्ही जून महिना निवडला होता. तेव्हा चहाविधी आपल्या नशिबी नाही, असेच मी धरून चालले होते. परंतु जाण्यापूर्वी या विधीचा इतिहास वाचू लागले आणि निराळेच चित्र दिसू लागले. हा विधी ज्याने घडविला, त्याने तो मुळी मोठ्या थैलीसाठी घडविलाच नव्हता. पुढे जेव्हा जेव्हा तो महाग झाला, तेव्हा तेव्हा कोणीतरी त्याला पुन्हा साध्या चटईवर आणून बसविले.

आता मूळ कथा सांगते.

जपानात चहा चीनमधून आला. इ. स. ८१५ मध्ये सागा नावाच्या सम्राटास एका बौद्ध भिक्षूने चहा पाजल्याची नोंद तेथील राजकीय इतिवृत्तात आहे. मधल्या काळात ही सवय मागे पडली. मग ११९१ मध्ये एईसाई हा झेन पंथाचा भिक्षू चीनमधून परतताना चहाचे बी घेऊन आला, आणि १२११ मध्ये त्याने चहाने आरोग्य कसे राखावे यावर एक पुस्तक लिहिले. म्हणजे प्रारंभी चहा हे औषध होते. रात्री ध्यानास बसणाऱ्या भिक्षूंना झोप येऊ नये, हा त्याचा मुख्य उपयोग. हा चहा आपल्यासारखा उकळून गाळलेला नव्हे. पाने वाफवून, वाळवून, दगडी जात्यावर दळतात. ती हिरवी पूड म्हणजे मात्चा. ती वाडग्यात घालून, वर गरम पाणी ओतून, बांबूच्या बारीक काड्यांच्या घुसळणीने फेटावयाची. गाळ नाही, चोथा नाही. पान सगळेच्या सगळे पोटात जाते.

चौदाव्या शतकात सरदार मंडळींनी या औषधाचा जुगार केला. कोणता चहा कोठला हे चव घेऊन ओळखावयाचे आणि त्यावर पैजा लावावयाच्या! त्याबरोबर चिनी भांड्यांचे प्रदर्शनही आले. पंधराव्या शतकात मुराता जुको याने आणि त्यानंतर साकाई बंदरातील व्यापारी ताकेनो जोओ याने या थाटाला वेगळे वळण दिले. लहान खोली, थोडी माणसे, आणि चिनी भांड्यांच्या जोडीला देशी खडबडीत भांडी. या वृत्तीला जपानी भाषेत ‘वाबी’ म्हणतात. कमी असण्याचे दुःख न मानता त्यातच गोडी पाहावयाची, असा त्याचा अर्थ सांगता येईल.

जोओचा शिष्य सेन नो रिक्यू. याचा जन्म १५२२ चा, साकाईतील एका व्यापारी घराण्यातला. चहाविधीचे आजचे रूप याच्याच हातचे. त्याच्या काळी जपानात यादवी माजली होती, आणि ओदा नोबुनागा या सेनापतीने चहाच्या नामांकित भांड्यांचा सपाटाच लावला होता. पराक्रम केलेल्या सरदाराला जहागिरीऐवजी चहाची पूड ठेवण्याची एक बरणी बक्षीस मिळावी आणि त्याने ती डोक्यावर घ्यावी, असा तो काळ. नोबुनागानंतर सत्तेवर आलेल्या तोयोतोमी हिदेयोशीचा रिक्यू हा चहागुरू झाला.

या गुरू-शिष्यांची जोडी मोठी विलक्षण. हिदेयोशीने संपूर्ण सोन्याने मढविलेली, उचलून कोठेही नेता येईल अशी चहाची खोली करविली, आणि १५८६ मध्ये ती राजवाड्यात नेऊन सम्राटाला चहा पाजला. इकडे रिक्यूने केलेल्या चहाच्या खोलीत चटया किती? दोन! जपानी ‘तातामी’ चटई सुमारे सहा फूट लांब व तीन फूट रुंद. म्हणजे सारी बैठक आपल्या देवघराएवढी. क्योतो आणि ओसाका यांच्या मध्ये यामाझाकी गावात ‘ताईआन’ नावाची ती खोली अजून उभी आहे. आत शिरावयाचे दार सुमारे अडीच फुटांचे. सरदार असो वा सावकार, गुडघ्यांवर येऊन, मान लववूनच आत जावे लागते, आणि तलवार बाहेरच ठेवावी लागते. भांड्यांचेही तसेच. कौले भाजणाऱ्या चोजिरो नावाच्या कारागिराकडून रिक्यूने हाताने थापलेले काळे-तांबडे वाडगे करवून घेतले. फुलदाणी म्हणून बांबूचे पेर कापून ठेवले.

याच काळातील एक घटना मला फार आवडते. १५८७ च्या शरद ऋतूत हिदेयोशीने क्योतोच्या कितानो देवस्थानच्या आवारात एक प्रचंड चहामेळा भरविला. त्याची दवंडी फळ्यांवर लिहून गावोगाव लावण्यात आली. तिचा आशय असा, की चहाची आवड असलेल्या कोणीही यावे. चाकर असो, गावकरी असो की शेतकरी असो. येताना एक किटली, एक पाण्याचे भांडे आणि एक वाडगा आणावा. चहा नसेल तर भाजलेल्या धान्याचे पीठ कालवून प्यावे, तेही चालेल. दोन चटयांची जागा पुरे. चटई नसेल तर गवताचे विणलेले आसनही चालेल. भगिनींनो, भाजलेल्या धान्याचे पीठ म्हणजे आपले सातूचे पीठच की! सातू कालवून प्यावयाची मुभा देणारे आमंत्रण साऱ्या जपानच्या धन्याने काढावे, याचे मला मोठे नवल वाटले. त्या दिवशी पाइन वृक्षांच्या छायेत शेकडो बैठका मांडल्या गेल्या. हेचिकान नावाच्या एका अवलियाने तांबड्या रंगाची प्रचंड छत्री रोवून तिच्याखाली चूल मांडली आणि हिदेयोशीचे लक्ष वेधून घेतले, अशी कथा सांगतात.

पण सत्ताधीशाचे औदार्य हे सत्ताधीशाचेच असते. जो येणार नाही त्याला यापुढे चहा करण्याची मनाई, अशीही तंबी त्याच फळ्यावर होती. आणि दहा दिवस चालावयाचा मेळा एका दिवसातच आटोपला. चार वर्षांनी, १५९१ मध्ये, त्याच हिदेयोशीने रिक्यूला स्वतःचे पोट चिरून प्राण देण्याची आज्ञा केली. का, याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. मंदिराच्या वेशीवरच्या मजल्यावर रिक्यूचा पुतळा बसविला गेला, तिच्याखालून जाण्यात हिदेयोशीला अपमान वाटला, असे एक कारण सांगतात. कारण काहीही असो, सत्तर वर्षांचा तो वृद्ध गेला आणि त्याचा चहा राहिला. त्याच्या वंशजांची ओमोतेसेन्के, उरासेन्के आणि मुशाकोजीसेन्के ही तीन घराणी आजही क्योतोत विद्यादान करीत आहेत.

आता गोडाकडे वळते. सभासद भगिनी त्याचीच वाट पाहत असतील!

रिक्यूच्या बैठकींची जी टिपणे उपलब्ध आहेत, त्यांत चहाबरोबर काय दिले याच्याही नोंदी आहेत. त्यांत वारंवार येणारा पदार्थ म्हणजे ‘फुनोयाकी’. गव्हाचे पीठ पाण्यात कालवून पातळ पसरून भाजावयाचे, आणि त्यावर मिसो, म्हणजे सोयाबीनचे आंबवलेले खारट वाटण, माखून गुंडाळावयाचे. आपण त्याला धिरडेच म्हटले असते. याखेरीज भाजलेले चेस्टनट, समुद्रशेवाळ असले साधे जिन्नस. साखरेच्या नाजूक फुलापानांचा तेव्हा पत्ताच नव्हता, कारण साखरच दुर्मिळ होती.

साखरेचा इतिहास मात्र चहाइतका निर्मळ नाही. १५४३ मध्ये पोर्तुगीज जपानच्या किनाऱ्यास लागले आणि मागोमाग त्यांची मिठाई आली. आपल्या गोव्याशी ज्यांचा इतका निकट संबंध, तेच हे लोक, आणि त्यांच्या पूर्वेकडील कारभाराचे ठाणेही गोवेच होते. १५६९ मध्ये लुईस फ्रोइस या पाद्र्याने नोबुनागाला साखरेचे काटेरी दाणे भेट दिले. आपल्या हलव्याचे दाणे डोळ्यांपुढे आणा. जपानात त्यांना अजून ‘कोनपेइतो’ या पोर्तुगीज वळणाच्या नावानेच ओळखतात. पुढे जपानने परदेशी लोकांना दार लावले. तेव्हा फक्त नागासाकी बंदरातून डच आणि चिनी जहाजांवर साखर येई, आणि तिच्यासाठी देशाचे सोने-रुपे बाहेर जाई. ही गळती थांबावी म्हणून अठराव्या शतकात योशिमुने या शोगुनने देशातच ऊस लावण्यास उत्तेजन दिले. शिकोकु बेटावर जी बारीक, किंचित पिवळसर साखर तयार होऊ लागली ती ‘वासानबोन’. साच्यात दाबलेल्या उंची कोरड्या मिठाया अजून तिच्याच करतात.

परंतु दक्षिणेकडील आमामी बेटांवर सात्सुमाच्या सरदारांनी लोकांकडून सक्तीने ऊस लावून घेतला. एकोणिसाव्या शतकात तर पिकलेली सगळी काळी साखर सरकारजमा करावी लागे, आणि चोरून विकणाऱ्यास देहदंडाची शिक्षा होती. भाताची शेते उसाखाली गेल्याने बेटावरच्या लोकांना पोटापुरते धान्य मिळण्याची मारामार झाली. क्योतो-ओसाकातल्या गोडीचा एक वाटा असा दुसऱ्याच्या तोंडचा घास काढून आलेला आहे. इतिहास शिकविणाऱ्या बाईने हे सांगावयाचे नाही, तर कोणी सांगावयाचे?

आज ज्याला ‘वागाशी’, म्हणजे जपानी पद्धतीची मिठाई म्हणतात, तिचा जीव आहे ‘आन’मध्ये. आन म्हणजे आपल्या पुरणाचे भावंड. आपली चण्याची डाळ, त्यांची अझुकी नावाची लहान तांबडी कडधान्याची जात. आपला गूळ, त्यांची साखर. शिजवून, वाटून, आटवून करण्याची रीत तीच. मात्र तूप नाही, दूध नाही, वेलदोडा-जायफळही नाही. आनाचे सारण भरलेला वाफवलेला मान्जू चौदाव्या शतकात चीनमधून नारा येथे आला, असे मानतात. आनाची वडी थापून ‘योकान’ करतात. या शब्दाचा मूळ अर्थ ऐकून तुम्ही चकित व्हाल. तो आहे मेंढीच्या मांसाचे कढण! चीनमधला तो पदार्थ मांस न खाणाऱ्या झेन भिक्षूंनी कडधान्याचा केला. पुढे सतराव्या शतकात समुद्रशेवाळापासून ‘कानतेन’ म्हणजे आपल्याकडचे चायना ग्रास निघाले, आणि आजचे तुकतुकीत योकान होऊ लागले. आपल्यातील शाकाहारी भगिनींनी याची नोंद घ्यावी. जपानच्या प्रवासात निर्धास्तपणे तोंडात टाकता येईल असे फार थोडे मिळते. त्यात हे योकान येते.

या मिठाईतही उच्च-नीच होतेच. राजदरबार, देवळे आणि चहागुरू यांच्यासाठी उंची मिठाई करणारी घराणी निराळी, आणि गल्लीतल्या लोकांसाठी रोजचे तांदळाच्या पिठाचे मोची, लाडू करणारी दुकाने निराळी. क्योतोत हा भेद अजून पाळतात. आम्ही अर्थातच दुसऱ्या दुकानात गेलो. जून महिनाअखेर असल्यामुळे तेथे ‘मिनाझुकी’ मांडली होती. तांदळाच्या पिठाची पांढरी, वाफवलेली, तिकोनी वडी आणि वर तांबडी अझुकी. ३० जूनला अर्धे वर्ष सरते, तेव्हा आधीच्या सहा महिन्यांचे दोष जावेत म्हणून ती खावयाची. तिकोनी का, तर तो बर्फाचा तुकडा! हिवाळ्यात साठवलेला बर्फ उन्हाळ्यात केवळ दरबारी मंडळींना मिळे. सामान्यांना तो कोठला? म्हणून त्यांनी पिठाचा बर्फ केला, अशी कथा सांगतात. दीड-दोनशे येनची ती वडी मी बाकावर बसून खाल्ली. ती थंड नव्हती, पण बर्फ न मिळणाऱ्यांची तिच्यातली हौस मला समजली.

आता या साऱ्यात बायका कोठे होत्या, असे तुम्ही विचाराल. आजवर मी घेतलेली नावे सगळी पुरुषांची. घरंदाज स्त्रियांत चहाची आवड होती, परंतु गुरूची गादी, सरदारांच्या बैठकी आणि मानमरातब हे पुरुषांचे क्षेत्र होते. १८६८ मध्ये जपानात राज्यक्रांती झाली. सरदारांची संस्थाने लवकरच गेली, आणि त्यांच्या वर्षासनावर चालणाऱ्या चहाच्या घराण्यांवर हलाखीची वेळ आली. नव्या सुशिक्षितांना इंग्रजी टोपी आणि रेल्वे हवी होती, जुना चहा नको होता. उरासेन्केच्या अकराव्या गुरूने, गेनगेनसाईने, १८७२ च्या क्योतो प्रदर्शनासाठी टेबल आणि स्टुलांवर बसून चहा करण्याची पद्धत काढली. मांडी घालता न येणाऱ्या परदेशी पाहुण्यांसाठी ती होती. गुडघे धरलेल्या माझ्यासारखीने त्याचे आभारच मानावेत!

पण चहाला खरा आधार मिळाला तो मुलींच्या शाळांतून. १८७२ मध्येच क्योतोत मुलींसाठी सरकारी शाळा निघाली, आणि पुढे अशा शाळांतून शिवण, लेखन यांबरोबर चहाचेही शिक्षण रुजले. त्या शाळेत काम करणाऱ्या बायकांत नीजिमा याए ही एक होती. तिची कथा कादंबरीत शोभावी. तिचा जन्म १८४५ चा, ऐझू प्रांतातला. १८६८ च्या युद्धात ऐझूच्या किल्ल्याला वेढा पडला, तेव्हा या बाईने केस कापून, हाती बंदूक घेऊन किल्ला लढविला. किल्ला पडल्यावर ती क्योतोस आली. १८७६ मध्ये दोशिशा विद्यालयाचा संस्थापक नीजिमा जो याच्याशी तिचा विवाह झाला, आणि १८९० मध्ये ती विधवा झाली. मग तिने दोन युद्धांत जखमींची शुश्रूषा केली, आणि चहाची दीक्षा घेऊन, स्वतःच्या घरातल्या एका खोलीचे चहाघर करून, शिष्यांना शिकविले. १९३२ मध्ये ती वारली. बंदूक धरणाऱ्या हातांनी शेवटी चहाची घुसळण धरली. चहाची अध्यापिका होणे ही तेव्हा विधवा, एकट्या स्त्रीला सन्मानाने स्वतःच्या पायांवर उभे राहण्याची एक वाट होती. आज चहा शिकणाऱ्यांत स्त्रियांचीच संख्या मोठी आहे. गाद्या अजून पुरुषांकडे असल्या, तरी चहा जगविला तो बायकांनी, असे म्हणावयास काहीच हरकत नाही.

साकाईला गेलो तेव्हा हे मला अधिक पटले. ओसाकाहून ट्रामने तेव्हा दोनशे दहा येनमध्ये तेथे जाता येई. रिक्यूच्या घराची जागा तेथे दाखवितात, आणि शेजारीच नगरपालिकेने २०१५ मध्ये उघडलेले संग्रहालय आहे. त्यात दोघांची दालने आहेत. एक रिक्यूचे, आणि दुसरे कवयित्री योसानो आकिको हिचे. १८७८ मध्ये साकाईत जन्मलेली ही आकिको मिठाईवाल्याची मुलगी! वडिलांच्या दुकानात ती हिशेब लिही, योकान कागदात बांधून देई, आणि उरलेल्या वेळात जुने ग्रंथ वाची. १९०१ मध्ये तिचा पहिला काव्यसंग्रह निघाला आणि साऱ्या जपानात खळबळ उडाली. त्या संग्रहालयात तिच्या वडिलांच्या दुकानाचा दर्शनी भाग पुन्हा उभारला आहे. दुकानाच्या गल्ल्यावर बसून कविता करणारी मुलगी आणि दोन चटयांत जग मावविणारा गुरू एका छपराखाली नांदतात, हे पाहून मला फार बरे वाटले.

तेथेच आम्ही पहिला चहा घेतला. तीनही सेन घराण्यांच्या परंपरेतील मंडळी पाळीपाळीने येथे चहा देतात, तो टेबल-स्टुलांच्या पद्धतीने. त्या वेळी त्याला पाचशे येन पडत, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने सुमारे सव्वातीनशे रुपये. दुसरा चहा घेतला उजी येथे. क्योतोहून तेव्हा दोनशे चाळीस येनचे तिकीट होते. चहाच्या मळ्यांसाठी हे गाव शतकानुशतके प्रसिद्ध आहे. जपानच्या दहा येनच्या नाण्यावर ज्याचे चित्र आहे, ते १०५३ चे ब्योदोइन मंदिर येथेच. त्याच्याजवळ नदीकाठी नगरपालिकेचे ‘ताइहोआन’ हे चहाघर आहे. तेथेही तेव्हा पाचशे येनच घेत. पण येथे चटईवर बसावयाचे.

विधी म्हणजे काय, ते आता थोडक्यात सांगते. आपण आत जाऊन प्रथम भिंतीतील कोनाड्यातले लेखनपट आणि फूल पाहावयाचे. मग गोड येते. ते चहाच्या आधी आणि पुरते संपवावयाचे. चहाचे कडूपण त्या गोडीवर बसते. मग समोर बाई बसतात. भांडी स्वच्छच असतात, तरी आपल्यादेखत पुन्हा पुसतात. दोन चिमटी हिरवी पूड, दोन-चार घोटांइतके पाणी आणि घुसळण. एवढ्याशा कामात एकही हालचाल वायफळ नसते. वाडगा आपल्यापुढे येतो तो त्याची सुंदर बाजू आपल्याकडे करून. आपण शेजारणीस म्हणावयाचे, ‘तुमच्या आधी घेते, राग नसावा.’ मग यजमानीणबाईंस नमस्कार, आणि वाडगा थोडा फिरवून, ती सुंदर बाजू टाळून, ओठ लावावयाचे. पाहुण्यास चांगली बाजू यजमानाने द्यावयाची, आणि पाहुण्याने ती स्वतःसाठी न वापरावयाची! एवढ्या एका वाडग्यात दोन्ही बाजूंची मर्यादा सांभाळली जाते.

उजीच्या त्या बाई सत्तरी ओलांडलेल्या असाव्यात. भाचीला थोडे जपानी येते. तिच्याकरवी मी विचारले, ‘आपण किती वर्षे चहा शिकविता?’ त्या हसून म्हणाल्या, ‘शिकवीत नाही, शिकते आहे. पन्नास वर्षे झाली.’ पाचशे येन देऊन पन्नास वर्षांची साधना समोर बसून पाहावयास मिळाली. यापरते स्वस्त काय असणार?

ज्यांना जाण्याचा योग येईल त्यांच्यासाठी चार शब्द. नगरपालिकांची आणि सार्वजनिक बागांतील चहाघरे शोधावीत. तोक्योतील हामारिक्यू बागेतही तळ्याच्या मध्यावर असे चहाघर आहे. मूळ ताईआन पाहण्यास आधी अर्ज करावा लागतो आणि तो बाहेरूनच पाहावयाचा असतो. परंतु त्याच यामाझाकी गावच्या इतिहास-संग्रहालयात त्याची हुबेहूब, पूर्ण आकाराची प्रतिकृती किरकोळ शुल्कात पाहता येते. पायांत स्वच्छ मोजे असावेत. अंगठ्या आणि हातातले घड्याळ काढून ठेवावे, म्हणजे वाडग्याला ओरखडा जाणार नाही. आणि मी दिलेल्या दरांवर विसंबू नये. ते २०१९ चे आहेत, आणि त्यानंतर महागाई झाली आहे. २०२४ पासून तर जगभर मात्चाची ओढ इतकी वाढली, की काही जुन्या पेढ्यांना एका गिऱ्हाइकास किती द्यावयाचे याची मर्यादा घालावी लागली. औषध, जुगार, सरदारांचा थाट, मुलींचे शिक्षण आणि आता जगाची हौस. चहाचा भाव पुन्हा चढतो आहे.

चहाविधीत सारे गोडच आहे, असे मी म्हणत नाही. रीतसर शिकावयाचे तर दाखल्यांचे पैसे आहेत, किमोनोंचा खर्च आहे. आणि कौले भाजणाऱ्याने थापलेल्या त्या वाडग्यांना आज लाखोंचे मोल आहे, हे पाहून रिक्यू काय म्हणाला असता कोण जाणे. साधेपणालाही लोक दागिना करून अंगावर घालतात. म्हणूनच कितानोच्या फळ्यावरचे ते आमंत्रण लक्षात ठेवण्याजोगे आहे. एक किटली, एक वाडगा; चहा नसेल तर पीठही चालेल. ज्याने ते काढले त्याला ते एका दिवसापलीकडे निभावता आले नाही. पण शाळेत मुलींना शिकविणाऱ्या बायकांनी, घरातली खोली चहाला देणाऱ्या विधवेने, आणि पाचशे येनमध्ये परक्या बाईपुढे वाकून वाडगा ठेवणाऱ्या उजीच्या त्या वृद्धेने ते दीडशे वर्षे निभावले आहे.

आपल्या मंडळातही पाहुणचाराचा खर्च दर वर्षी वाढत चालला आहे, आणि वाणाच्या वस्तू अधिकाधिक भारी होत चालल्या आहेत, अशी कुरकुर मी ऐकते. ज्या भगिनीला तेवढा खर्च झेपत नाही, ती हळूच येईनाशी होते. त्यावर उपाय कार्यकारिणीने ठरवावा. मी कोणी गुरू नव्हे. मी एवढेच सांगते, की पाहुणा ज्या दाराने येतो ते दार सर्वांना सारखेच असावे, आणि आत जे द्यावयाचे ते मनापासून, स्वच्छ हाताने, त्याची चांगली बाजू समोर करून द्यावे. मग ते सातूचे पीठ असले तरी चालेल.